प्लॅटफॉर्म गेममध्ये चढता येणारं कुंपण: जिनिंगच्या आवारातली एक लेव्हल बांधताना

उड्या मारत, चढत पुढे जायच्या प्लॅटफॉर्म गेममध्ये शिडीवर खेळाडूला दोनच दिशा असतात, वर आणि खाली. जाळीच्या कुंपणावर चारही मिळतात, तिरक्या धरल्या तर आठ. म्हणून जाळीला ‘रुंद शिडी’ समजून बांधायला घेतलं की पहिल्याच दिवशी घोळ होतो. शिडी हा रस्ता असतो. जाळी ही उभी केलेली जमीन असते: तिच्यावर थांबता येतं, बाजूला सरता येतं, शत्रूला वाट देता येते आणि तिच्या पाठीमागेही जाता येतं.

१९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिड्या होत्या, पण शिडीवर असताना उडी मारता येत नव्हती, वरून पिंप आलं तर चुकवायला जागाच नव्हती. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये पहिल्याच किल्ल्यात लाव्हाच्या वर जाळ्या टांगलेल्या आहेत. त्यांवर कासवं फिरतात, हिरवी सावकाश आणि लाल भरभर. जाळीत बसवलेलं दार फिरवलं की मारिओ मागच्या अंगाला जातो आणि पलीकडच्या कासवाला जाळीतूनच बुक्की मारून पाडतो. चढायच्या कुंपणाबद्दल शिकण्यासारखं बरंचसं त्या एका किल्ल्यात आहे. लेव्हल बांधायच्या आधी तो दोनदा खेळा. पहिल्यांदा जिंकायला आणि दुसऱ्यांदा नुसतं जाळीवर लटकून बघायला.

इथे उदाहरणाला खानदेशातलं जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याचं, आवार घेतलं आहे. दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याकडच्या कोणत्याही जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर लागलेले असतात, एका बाजूला सरकी, दुसरीकडे १७० किलोच्या रुईच्या गाठी आणि आवाराभोवती तारेची जाळी. गेमसाठी ही जागा सोन्यासारखी आहे, कारण कापसाच्या ढिगावर पडलं तर लागत नाही. शिकाऊ खेळाडूला जाळीखाली नेमकं हेच हवं असतं. आणि जिनिंगमधली सगळ्यात मोठी भीती कोणती, तर आग. आधी ज्या ढिगानं झेललं, शेवटच्या खोलीत तोच पेटलेला असेल, तर खेळाडूला एका अक्षराचीही सूचना लागत नाही.

आधी आकडे, मग चित्रं

खाली सगळीकडे गोडो (Godot) या गेम इंजिनची ४.३ किंवा त्यापुढची आवृत्ती धरली आहे. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. दुसरं इंजिन वापरत असाल तरी हिशोब तोच राहतो.

पडदा ३२० बाय १८० पिक्सेलचा ठेवा. ७२० उंचीच्या फोनवर तो बरोबर ४ पट होतो, १०८० वर ६ पट. टाइल, म्हणजे लेव्हल जोडायचा चौकोनी तुकडा, १६ पिक्सेलची; त्यामुळे रुंदीत २० आणि उंचीत सव्वाअकरा टाइल दिसतात. लांबट फोनवर रुंदी ४०० पिक्सेलपर्यंत, म्हणजे २५ टाइलपर्यंत वाढते. त्यामुळे ‘शत्रू पडद्याबाहेरून अचानक येतो’ असली अडचण रुंदीवर अवलंबून ठेवू नका. एका फोनवर ती जमेल आणि दुसऱ्यावर उघडी पडेल.

पात्राची टक्कर-चौकट १२ रुंद, २४ उंच. चालण्याचा वेग सेकंदाला ९० पिक्सेल. उडीचा सुरुवातीचा वेग २६०, गुरुत्व ६५०. यातून उडी ५२ पिक्सेल उंच जाते आणि सपाट जमिनीवर ०.८ सेकंद हवेत राहते, म्हणजे आडवी ७२ पिक्सेल, साडेचार टाइल.

जाळीवरचा वेग सेकंदाला ६० पिक्सेल ठेवा. गोडोमध्ये फिजिक्सचे ठोके (इंजिन दर ठोक्याला हालचालीचा हिशोब करतं) मुळातच सेकंदाला ६० असतात, म्हणजे एका ठोक्याला नेमका एक पिक्सेल. ४८ किंवा ५० ठेवलंत तर हालचाल अडखळत दिसते, कारण काही ठोक्यांना पात्र हलतं आणि काहींना जागेवर राहतं. छोट्या पडद्यावर हे लगेच डोळ्यात येतं.

तिरकं जाताना दोन्ही वेग सरळ जोडले तर पात्र ४१ टक्के जास्त वेगानं पळतं, आणि हुशार खेळाडू सगळी जाळी नागमोडी चढायला लागतात. दिशेची लांबी १ वर बांधून घ्या. मग आडव्या आणि उभ्या दिशेला प्रत्येकी साधारण ४२ पिक्सेल येतात. आता वेग पूर्णांक उरला नाही, त्यामुळे तिरक्या चालीत आडवा आणि उभा पिक्सेल वेगवेगळ्या ठोक्याला बदलतो आणि पात्र पायऱ्या-पायऱ्यांनी थरथरतं. उपाय सोपा आहे: जाळी पकडताना आणि तिरकी चाल सुरू होताना पात्राची जागा पूर्ण पिक्सेलवर आणून ठेवा. दोन्ही दिशांचे अपूर्णांक सारखे झाले की दोन्ही एकाच ठोक्याला बदलतात.

पकड एका बिंदूवर

जाळीला चिकटणं संपूर्ण शरीराच्या चौकटीवर सोडलंत, तर पात्र बुटाच्या टोकानंही लटकतं. बघणाऱ्याला ते खोटं वाटतं आणि खेळणाऱ्याला कडा कुठे संपते ते कळत नाही. म्हणून ‘हाताचा बिंदू’ ठरवा: पायापासून १८ पिक्सेल वर, शरीराच्या मधोमध. हा बिंदू जाळीच्या टाइलमध्ये असेल तरच पकड.

टाइलसेटमध्ये (टाइलच्या संचात) एक कस्टम डेटा लेयर, म्हणजे प्रत्येक टाइलसाठीची आपली नोंद, जोडा, खरं-खोटं प्रकारची, आणि चढता येणाऱ्या प्रत्येक टाइलवर ती खरी करा. जाळीसाठी वेगळा टाइलमॅपलेयर (टाइल मांडायचा थर) घ्या, भिंती-जमिनीच्या लेयरमध्ये मिसळू नका. दर ठोक्याला हाताच्या बिंदूखालची टाइल विचारायची आणि तिचा डेटा वाचायचा. एरिया२डीचे (पात्र आत आलं का ते ओळखणारे) मोठे चौकोन टाकूनही काम होतं, पण जाळीचा आकार बदलला की चौकोन विसरला जातो आणि हवेत न दिसणारी जाळी उरते. ही चूक फार होते.

पात्राच्या चार अवस्था ठेवा: जमिनीवर, हवेत, जाळीवर, दारात. जाळीवर जाण्याची अट एकच: ‘वर’ दाबलेलं आहे आणि हाताचा बिंदू जाळीत आहे. आपोआप पकड ठेवू नका. जाळीसमोरून नुसतं उडत जायचं असेल तेव्हा पात्र माशीसारखं चिकटतं आणि खेळाडू वैतागतो. मात्र ‘वर’ थोडं आधी दाबलं गेलं तर ते ०.१ सेकंद लक्षात ठेवा. हात पोहोचण्याआधी दोन-चार ठोके बोट उचललं गेलं तरी पकड मिळाली पाहिजे.

पकड लागली की दोन्ही वेग शून्य आणि गुरुत्व बंद. पुढे प्रत्येक ठोक्याला आडवी हालचाल वेगळी तपासा आणि उभी वेगळी. आडवं सरकल्यावर हात जाळीबाहेर जात असेल तर फक्त आडवी हालचाल रद्द करायची, उभी चालू ठेवायची. दोन्ही एकत्र तपासलं तर कडेला तिरकं दाबल्यावर पात्र जागीच अडकतं. असं अडकलं की खेळाडूला फोनच बिघडल्यासारखा वाटतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा म्हणजे उडी मारून सुटणं. खेळाडू ‘वर’ धरूनच असतो, उडी दाबतो, पुढच्याच ठोक्याला हात अजून जाळीतच असतो, ‘वर’ही दाबलेलंच, आणि पकड पुन्हा लागते. पडद्यावर काहीच होत नाही. म्हणून उडीनंतर ०.२ सेकंद, म्हणजे १२ ठोके, पकडीला कुलूप लावा. ‘खाली’ धरून उडी दाबली तर हात सोडून सरळ खाली पडायचं. तिथे कुलूप ०.२५ सेकंद ठेवा. तेवढ्यात पात्र २० पिक्सेल घसरतं, एका टाइलहून थोडं जास्त. एक टप्पा सोडून खालचा पकडायला ते पुरेसं आहे.

जाळीवरच्या उडीचा वेग जमिनीवरच्यापेक्षा कमी, २०० ठेवा. ती ३० पिक्सेलच वर जाते, आडवी ५५. यावरून दोन जाळ्यांमधली फट ठरते: २ टाइल सोपी, ३ टाइल नेमकी, ४ टाइल त्याच उंचीवर अशक्य. दुसरी जाळी २ टाइल खाली असेल तर उडी ६७ पिक्सेलपर्यंत पोहोचते आणि ४ टाइलची फट जेमतेम पार होते. लेव्हल काढणाऱ्यानं हे चार आकडे कागदावर लिहून समोर चिकटवावेत. डोळ्यानं अंदाजे ठेवलेली फट जवळजवळ नेहमी अर्ध्या टाइलनं चुकते.

जाळी जमिनीला टेकलेली नसेल, तर खालची कड किती उंच? उभं असताना हात १८ वर, उडी ५२, एकूण ७०. कड ३ टाइलवर, म्हणजे ४८ पिक्सेलवर असली, तर पकडायला साधारण अर्धा सेकंद मिळतो. ४ टाइलवर ठेवली तर पाव सेकंदाहून किंचित जास्त. टांगलेली जाळी पहिल्यांदा येते तिथे ३, पुढे ४. पाच टाइलवर जाळी दाखवलीत तर हात पोहोचणारच नाही, आणि खेळाडू तिथेच वीस वेळा उड्या मारत बसेल.

वरची कड

जाळी संपते तिथे वर फळी किंवा गाठींची थप्पी असते आणि तिच्यावर चढायचं असतं. हाताचा बिंदू वरच्या कडेला थांबतो तेव्हा पाय अजून १८ पिक्सेल खाली असतात. पुष्कळ जण यावर न दिसणाऱ्या जाळीच्या दोन टाइल फळीच्या वर लावतात. मग हवेतून येणारा खेळाडू त्या अदृश्य जाळीला पकडून लटकतो. तसं करू नका. कडेला ‘वर’ ०.१ सेकंद धरलं, वर फळी आहे आणि डोक्यासाठी २४ पिक्सेल मोकळे आहेत, एवढं तपासून पात्राला ८ ठोक्यांत १८ पिक्सेल उचला, पाय फळीवर टेकवा. उलट वाटही हवी: फळीवर उभं राहून ‘खाली’ दाबलं आणि खाली जाळी असेल, तर पात्र तितकंच खाली उतरून पकडीत आलं पाहिजे. ही उलट वाट विसरलेले गेम भरपूर आहेत.

तळाशी पाय जमिनीला लागले आणि ‘खाली’ दाबलेलं असेल तरच चालण्याच्या अवस्थेत जा. ही अट नसेल तर जाळीच्या पायथ्याशी पात्र चढणं आणि उभं राहणं यांत फडफडत राहतं.

चढण्याची चार चित्रं पुरतात, पण ती वेळेवर बदलू नका, अंतरावर बदला: दर ८ पिक्सेलला एक. थांबलं की हात तिथेच थांबतो. तारेचा खणखणाट दर १६ पिक्सेलला वाजवा.

कापसापुढे जाळी दिसत नाही

जिनिंगच्या आवाराची हीच खरी अडचण आहे. पांढऱ्या ढिगापुढे चंदेरी तार ठेवली की दोन्ही एक होतात. केळीच्या बागेजवळची लेव्हल केलीत तर हिरव्या प्लास्टिकच्या आवरणाची तार पानांत हरवते. तारेचा रंग बदलून भागत नाही, मागचं चित्र बदलावं लागतं. ढिगाची सावलीची बाजू जाळीच्या मागे आणा: मळकट निळसर राखाडी. उन्हाची पांढरी बाजू जाळी नसलेल्या जागी ठेवा. पडद्याचं चित्र काढून काळं-पांढरं करा. जाळी तरीही वेगळी दिसली तर ठीक.

एक पिक्सेलची तार काढू नका. फोनवर पट पूर्णांकात बसली नाही की अशा तारांची लाटालाटांची नक्षी उठते. तार २ पिक्सेल, जाळीचा चौकोन ८ पिक्सेल. प्रोजेक्ट सेटिंगमधल्या स्ट्रेचमध्ये स्केल मोड इंटिजर करा. खऱ्या कुंपणाला साधारण ८ ते १० फुटांवर लोखंडी अँगल असतात; गेममध्ये दर ४ टाइलला एक अँगल काढला तर खेळाडूला मोजायला खूण मिळते, आणि फट किती आहे ते उडी मारण्याआधीच कळतं.

चढता येणाऱ्या प्रत्येक जाळीला वर-खाली पिवळा पाइप द्या, ३ पिक्सेल जाडीचा. चढता न येणाऱ्या कुंपणाला तो कधीही देऊ नका. चढायचं नसलेलं कुंपण काढायला आपल्याकडे उत्तम चिन्ह तयार आहे: बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण. खानदेशातल्या पोराला ते बघून हात मागे घ्यायला शिकवावं लागत नाही. मात्र ते टोचलंही पाहिजे. जे दिसतं ते तसंच वागलं पाहिजे.

शत्रू आणि दार

जाळीवर दोन प्राणी पुरेत. सरडा सेकंदाला ३० पिक्सेल, उभा चालणारा. खार ७५ पिक्सेल, आडवी पळणारी. खार पात्रापेक्षा वेगवान आहे, तिच्यापासून पळता येत नाही, फक्त वर-खाली होऊन वाट देता येते. जाळीच्या चार दिशांचा उपयोग इथेच शिकवला जातो. रंगावर भिस्त ठेवू नका, आकार आणि चाल वेगळी हवी. कडेला एक टाइल पुढे बघून वळवा, नाहीतर खार जाळी सोडून हवेत पळते.

पात्र १२ रुंद, सरडा १६ रुंद, म्हणजे दोघांच्या मध्यांत १४ पिक्सेल अंतर असलं की टक्कर टळते. २ टाइलच्या जाळीवर हे जमतं. १ टाइलच्या जाळीवर कधीच नाही, तिथे उभा शत्रू ठेवणं म्हणजे खेळाडूला विनाकारण मारणं. दोन शत्रू सोडायचे असतील तर किमान ४ टाइल रुंदी द्या.

फिरतं दार ३ बाय ३ टाइलचं, ४८ पिक्सेलचं करा. जाळीला दोन अंगं आहेत ही कल्पना त्याशिवाय कळत नाही. पात्राकडे ‘अंग’ नावाची एक नोंद ठेवा: पुढचं की मागचं. शत्रूंकडेही तीच. पुढच्या अंगाचे शत्रू टकरीच्या तिसऱ्या लेयरवर, मागच्या अंगाचे चौथ्यावर. दार फिरलं की पात्राचा मास्क, म्हणजे कोणत्या लेयरशी टक्कर होते ती नोंद, तिसऱ्यावरून चौथ्यावर जातो. चित्रांचा क्रम मागून पुढे असा: मागचा ढीग, मागच्या अंगाचे प्राणी, मागे असताना पात्र, जाळी, पुढचे प्राणी, पुढे असताना पात्र. मागे गेलेल्या पात्राचा उजळपणा ७० टक्क्यांवर आणा. नुसती तार वर आली म्हणून लहान पडद्यावर फरक कळत नाही.

दार फिरायला २४ ठोके. दाराची रुंदी ४८ वरून शून्यावर आणि पुन्हा ४८ वर. बाराव्या ठोक्याला अंग, मास्क आणि क्रम एकदम बदला. पात्र दाराच्या मध्याभोवती आरशासारखं पलटतं: मध्य १६० वर आणि पात्र १५० वर असेल तर ते १७० वर निघतं. हे न करता पात्र जागेवर ठेवलं तर दार फिरलंय असं वाटतच नाही. दारात असताना कळा बंद, पण शेवटच्या ६ ठोक्यांत दाबलेली उडी लक्षात ठेवा. फिरताना आणि त्यानंतर १२ ठोके मार लागू नये, कारण पलीकडे त्याच जागी सरडा असू शकतो आणि खेळाडूला तो आधी नीट दिसलेला नसतो. मागून बुक्की मारली की १६ पिक्सेलच्या आतला पलीकडच्या अंगाचा प्राणी पडतो. दाराची कळही बुक्कीचीच ठेवा, वेगळं बटण देऊ नका.

खोल्यांचा क्रम

पहिल्या खोलीत जमिनीला टेकलेली ६ टाइल उंच जाळी, वर गाठींची थप्पी, खाली ढीग, दुसरी वाट नाही. दुसरीत जाळी ३ टाइल वर टांगलेली. तिसरीत दोन टाइलची फट, मग तीनची, दोन्हींखाली ढीग. चौथीत एक सरडा, मग एक खार, मग दोघं. पाचवीत दार, पण शत्रू नाही. सहावीत दार आणि मागे सरडा. इथपर्यंत खाली कापूसच. सातवीत चौथीची जाळी जशीच्या तशी, फक्त खाली ढीग पेटलेला. खेळाडूला ही जाळी येते, आता पडायचं नाही एवढंच नवीन आहे. त्याच खोलीत नवा शत्रूही घातलात तर आगीची भीती वाया जाते.

चढताना कॅमेरा ०.३ सेकंदांनंतर ३२ पिक्सेल वर सरकवा आणि उतरताना तेवढाच खाली. सव्वाअकरा टाइलच्या उंचीत न दिसणारी खार ही खेळाडूची चूक होत नाही.

फोनवर

आपल्याकडे हा गेम बहुतेक जण फोनवरच खेळणार, म्हणून कीबोर्डवर नीट चाललं यावर समाधान मानू नका. पडद्यावरच्या डी-पॅडचे (दिशांच्या बटणाचे) आठ सारखे भाग केले तर ‘वर’ला ४५ अंश मिळतात, आणि अंगठा हमखास वर-उजवीकडे झुकतो. भुसावळच्या मे महिन्यात घामानं तो आणखी घसरतो. पात्र जाळीवर असताना ‘वर’ आणि ‘खाली’ला ६० अंश द्या, ‘डावं’ आणि ‘उजवं’ला ६०, चार तिरक्यांना उरलेले ३०-३०. बटणं प्रत्यक्षात ९ मिलिमीटरपेक्षा लहान नसावीत. उडी आणि बुक्की यांत अंगठ्याच्या रुंदीइतकं अंतर ठेवा, कारण दारावर बुक्कीऐवजी उडी दाबली गेली तर पात्र थेट खाली जातं.

तपासायला गेम कधी न पाहिलेल्या पाच जणांच्या हातात फोन द्या आणि गप्प बसा. पात्र जिथे-जिथे पडलं त्या टाइलची नोंद गेमलाच ठेवू द्या, नंतर त्या जागांवर लाल ठिपके काढा. ठिपके सगळ्या जाळीभर विखुरलेले असतील तर लेव्हल अवघड आहे, एवढंच. सगळे एकाच टाइलला चिकटलेले असतील तर तिथे फट अर्धा टाइल जास्त आहे, कुलूप उघडायला उशीर होतोय, किंवा मागच्या ढिगाचा उजेड नेमका त्या पाइपवर आला आहे. आधी चित्र तपासा, मग फट, आणि आकड्यांना हात सगळ्यात शेवटी लावा. एक वेग बदलला की सातही खोल्यांतल्या फटी पुन्हा मोजाव्या लागतात.